तुळशीच्या लग्नाआधीची कापणी

आषाढी एकादशी झाली की आमच्याकडची लग्ने थांबतात आणि गवत वाढू लागते. नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या बाजूला आमची तीन एकरांची हिरवळ आहे. नाशिककर तिला सरळ ‘लॉन्स’ म्हणतात, कारण या शहरात तो शब्द आता मंगल कार्यालयाच्याच अर्थाने रुळला आहे. चातुर्मासात तिथे मांडव उभा राहत नाही, माणसांचा वावर नसतो, आणि पावसाच्या पाण्यावर हरळी अशी जोमाने वर येते की दोन आठवडे दुर्लक्ष केले तर पाऊल टाकताना चप्पल दिसत नाही. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मात्र पहिल्या तारखेचे वऱ्हाड दाराशी असते. त्या दिवशी हिरवळ एकसारखी दिसली नाही, तर मुलीच्या वडिलांना दिलेला शब्द आपण पाळला नाही, असे मला मनापासून वाटते.

ही जमीन मुळात द्राक्षाची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इथे थॉमसनची बाग लावली होती. ती थकली, अवकाळीने दोन हंगाम ओळीने झोपवले, आणि शेवटी आम्ही बाग तोडून, अँगल आणि तारा काढून, रान सपाट केले आणि ‘सिलेक्शन वन’ जातीची हरळी लावली. सुरुवातीची काही वर्षे कापणीचे काम दोन गडी पाठीवरच्या ब्रश कटरने आणि एक गडी ढकलायच्या यंत्राने करीत असत. ब्रश कटरने गवत कापले जाते, पण हिरवळ राखली जात नाही. जिथे हात खाली गेला तिथे टक्कल पडते, जिथे हात दुखला तिथे झुपका राहतो. ढकलायच्या यंत्राची कापणी चांगली, पण त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला आणि मला त्या गड्याची लाज वाटली. एकवीस इंची यंत्र, शेजारच्या पट्ट्यावर थोडे चढवून चालवले तर प्रत्यक्षात दीड फूट कापते. तीन एकर म्हणजे १,३०,६८० चौरस फूट. त्याला दीडने भागले तर ८७,१२० फूट, म्हणजे साडेसव्वीस किलोमीटर चाल, तीही भादव्याच्या उन्हात, हातात थरथरते यंत्र धरून, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. हे आपण दुसऱ्याकडून करून घेऊ नये असे ठरवले, आणि ट्रॅक्टरचा विचार तिथून सुरू झाला.

घरात ट्रॅक्टर होताच. नानांचा बी-२७५ आजही शेडमध्ये उभा आहे. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ज्या मॉडेलने या देशात ट्रॅक्टरनिर्मितीला सुरुवात केली, तेच हे पस्तीस अश्वशक्तीचे नाव. तेव्हा भावकीत ज्याने-त्याने एकच प्रश्न विचारला, की दावणीला एक बैल असताना दुसरा कशाला? प्रश्न रास्त होता. म्हणून एका वर्षी पावसाची उघडीप पाहून मी बी-२७५ ला गवत छाटणारा भाड्याचा स्लॅशर जोडून हिरवळीवर घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसले ते अजून आठवते. दीड टनाहून जास्त वजन ओल्या काळ्या मातीवरून फिरले होते. चाकांच्या दोन रेघा घळीसारख्या खचल्या होत्या, त्यांत पाणी साचले होते, आणि वळणांवर मागच्या टायरच्या खाचांनी हरळी मुळासकट उपटून बाजूला टाकली होती. त्या रेघांमधली माती इतकी दाबली गेली की हिवाळ्यापर्यंत तिथले गवत पिवळेच राहिले. नानांनी सगळे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “अरे, तो नांगराचा गडी आहे. त्याला रांगोळी काढायला बसवू नये.”

त्या वाक्याने माझी दिशा ठरली. नांगरटीसाठी ट्रॅक्टर निवडताना जे गुण पाहायचे असतात, त्यांतले बरेचसे हिरवळीसाठी अवगुण ठरतात. नांगराला वजन हवे, कारण वजनाशिवाय चाक जमीन धरत नाही. हिरवळीला हलकेपण हवे. नांगराला खोल खाचांचे नवे टायर हवेत. हिरवळीला झिजलेले चालतात, किंबहुना तेच बरे. परदेशात हिरवळीसाठी रुंद आणि उथळ नक्षीचे वेगळे टायर मिळतात; आपल्याकडे छोट्या मापात ते सहज मिळत नाहीत, पण ज्या टायरची खाच बोटाच्या पेराएवढी उरली आहे आणि म्हणून शेतकरी तो बदलायला निघाला आहे, तो थोडी हवा कमी ठेवून आमच्या कामाला उत्तम बसतो. जुना ट्रॅक्टर घ्यावा या मताकडे मी झुकलो त्याचे हे एक कारण. दुसरे कारण तासांचे. तीन एकर, चार फुटी यंत्र, ताशी चार किलोमीटर चाल आणि वळणे धरून एका कापणीला साडेतीन-चार तास लागतात. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी दोन-तीन आठवड्यांनी कापायचे म्हटले, तर वर्षाला सव्वाशे तास भरतात. औषध फवारणीच्या दिवसांत बागेतला ट्रॅक्टर एवढे तास पाहता पाहता पुरे करतो. म्हणजे ज्या यंत्रात शेतकऱ्याच्या दृष्टीने तीन-चार वर्षेच उरली आहेत, त्यात माझी पंधरा वर्षे सहज निघतात. नव्याचे पैसे ओतून तो वर्षातले बहुतेक दिवस ताडपत्रीखाली उभा करणे मला पटेना.

निफाड तालुक्यातल्या एका वाड्याच्या पडवीत मला एक राखाडी फर्ग्युसन पाहायला मिळाला, आणि इथे माझे मन काही आठवडे अडकले हे मान्य केले पाहिजे. फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनला, पाच लाखांहून जास्त संख्येने. अवजार तीन बिंदूंवर जोडायचे आणि ते हायड्रॉलिक लिफ्टने उचलायचे, ही आज आपल्याला ट्रॅक्टरचा स्वभावच वाटणारी रचना हॅरी फर्ग्युसनने रुजवली आणि याच छोट्या यंत्राने ती जगभर नेली. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तोही पट्टे चढवलेले फर्ग्युसन चालवीतच. वजनाला हलका, उंचीला बुटका, बसायला सोपा; पाहताक्षणी वाटले की हिरवळीसाठी याहून देखणे काही असणार नाही. मालकांनी लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “घ्या, पण याला उभा ठेवू नका, चालवा.”

मी तो घेतला नाही. का घेतला नाही, ते सविस्तर सांगायला हवे, कारण जुना छोटा ट्रॅक्टर निवडताना सगळी मेख याच जागी आहे, आणि बहुतेकांचे लक्ष तेव्हा रंगाकडे आणि अश्वशक्तीकडे असते.

गवत कापणारे यंत्र इंजिनाच्या जोरावर फिरते, पण तो जोर त्याला मागच्या पीटीओच्या दांडीतून, म्हणजे अवजारापर्यंत इंजिनाचा जोर पोहोचवणाऱ्या फिरत्या दांडीतून मिळतो. जुन्या साध्या रचनेत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एकच क्लच असतो, आणि पीटीओ त्या क्लचच्या पलीकडे, चाकांच्याच बाजूला जोडलेला असतो. परिणाम असा, की क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबायला लागतो आणि त्याबरोबर पात्यांचा जोरही तुटतो. नांगराला याने काही बिघडत नाही, कारण नांगर फिरत नाही. पण गवताच्या दाट पट्ट्यात शिरल्यावर आपल्याला नेमके उलटे हवे असते: चाके थांबावीत आणि पाती त्याच वेगाने फिरत राहावीत, म्हणजे ती पुढचा घास संपवतील. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पायपट्टी अर्धी दाबली की चाके थांबतात, पूर्ण दाबली की पीटीओही थांबतो. फर्ग्युसनचाच पुढचा अवतार असलेल्या एफई-३५ या मॉडेलमध्ये ही सोय मिळत असे, टीई-२० मध्ये नव्हती. शिवाय टीई-२० ची लिफ्टही पीटीओच्याच ओळीतून चालते, म्हणून क्लच दाबलेला असताना यंत्र उचलताही येत नाही. आणि त्याच्या पीटीओच्या दांडीचा व्यास सव्वा इंचाहूनही कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. आजची यंत्रे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाच्या सहा खाचांच्या दांडीसाठी बनतात. मधला जोड करता येतो, नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत लेथवर तो कोणीही करून देईल. पण प्रत्येक जोड दांडीची लांबी वाढवतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट मी दुसऱ्याच एका ट्रॅक्टरवर, दिंडोरी रस्त्यावर, स्वतःच्या पायाने अनुभवली. मालकाने चाचणीसाठी मागे स्लॅशर लावून दिला होता. मी कुंपणाच्या भिंतीपाशी आलो, क्लच पूर्ण दाबला, आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. भिंत पुढे येत राहिली. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुठे तो हातभर अंतरावर थांबला. घडले होते ते असे: क्लचने इंजिन वेगळे केले खरे, पण वेगात फिरणाऱ्या जड पात्यांमध्ये साठलेला जोर कुठे जाणार? तो दांडीतून उलटा गिअरपेटीत शिरला आणि चाकांना पुढे ढकलत राहिला. भिंतीच्या जागी माणूस असता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. लग्नाच्या जागेवर लहान मुले असतात, केटरिंगची माणसे कुठूनही आडवी येतात. या दोषावर एक साधा उपाय आहे, ओव्हररनिंग क्लच. हा मुठीएवढा जोड दांडीवर बसवला की जोर ट्रॅक्टरकडून यंत्राकडे जातो, यंत्राकडून ट्रॅक्टरकडे परत येत नाही. सायकलचे पायडल थांबवल्यावरही चाक फिरत राहते, तेच तत्त्व. एकेरी क्लचचा कोणताही जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर हा जोड आधी आणि ट्रॅक्टर नंतर, असे मी आता ज्याला-त्याला बजावून सांगतो.

मग शेवटी निवड कशाची केली? ज्या बागा तोडून आम्ही हिरवळ केली, त्याच बागांमधल्या ट्रॅक्टरची. द्राक्षाच्या दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर घेऊन जाता यावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने अरुंद, बुटके ट्रॅक्टर फार पूर्वीपासून वापरले. मित्सुबिशी शक्तीसारखी नावे इथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. भातखाचरांसाठी जपानमध्ये घडलेल्या या धाटणीचे वजन नानांच्या बी-२७५ च्या निम्म्याहूनही कमी भरते. आणि अरुंदपणाचा एक फायदा मला मिस्त्रींनी दाखवून दिला, जो मला स्वतःहून सुचला नसता. आमच्या घरी दोन पिढ्या काम करणारे ते मिस्त्री मोजपट्टी घेऊन आले, मागच्या चाकांचे बाहेरून बाहेर अंतर मोजले आणि म्हणाले, “भाऊ, कापायचं यंत्र चाकांच्या बाहेर दोन्हीकडे चार-चार बोटं निघालं पाहिजे. नाहीतर ट्रॅक्टर स्वतः दाबलेलं गवत स्वतःच मागं सोडून जाईल.” बी-२७५ ला त्यासाठी सहा फुटी यंत्र लागले असते, आणि त्याला त्या मानाने जोरही; या छोट्याला चार फुटी पुरते, आणि ते ओढायला अठराच्या आसपास अश्वशक्ती पुरेशी होते. पात्यांपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातला दहावा-आठवा हिस्सा वाटेत खर्च होतो, हे धरूनही.

बागेतून आलेला ट्रॅक्टर तपासताना मात्र डोळे वेगळे लागतात. आम्ही सहा-सात पाहिले. त्यांचे तास मीटरवर दिसत नव्हते, कारण मीटर बहुतेक वेळा बंदच असतो. ते दिसत होते पीटीओच्या दांडीवर. हंगामभर ब्लोअर फिरवून दांडीच्या खाचांच्या कडा धारदार होतात, आणि हाताने दांडी हलवली तर खटखट आवाज येतो. दुसरी खूण मोरचुदाची. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे तुषार वर्षानुवर्षे बसून पत्र्याला आणि वायरींच्या टोकांना हिरवट-निळे पोपडे धरतात. पत्रा ठोकून नीट होतो, पण आतून खाल्लेली वायर पहिल्या पावसात दगा देते. बाकीची परीक्षा कोणत्याही जुन्या ट्रॅक्टरची तीच. विकणाऱ्याला आधी फोन करून सांगायचे की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना हे पाहायचे, कारण गरम इंजिन कोणाचेही चालू होते. सतत निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तिथूनच माघारी फिरावे. लिफ्टवर वजन ठेवून उचलायचे, इंजिन बंद करायचे आणि चहा घेऊन परत यायचे; यंत्र जमिनीला टेकलेले दिसले तर लिफ्टचे काम निघणार हे नक्की. आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही आणि पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण झालेले आहे, हे कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

आम्ही घेतलेल्या ट्रॅक्टरचा क्लच एकेरीच आहे. दुहेरी क्लचचा, हलका, अरुंद आणि ज्याचे सामान नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास त्याच दिवशी मिळेल असा जुना ट्रॅक्टर मला सापडला नाही. चार गुणांतला एक सोडायचा होता, आणि पुष्कळ विचार करून मी दुहेरी क्लच सोडला, कारण त्याची उणीव ओव्हररनिंग क्लचने आणि पहिल्या गिअरच्या संथ चालीने बरीचशी भरून निघते, तर जास्तीच्या वजनावर कोणताही उपाय नाही. सामानाचा मुद्दा तर मी सर्वांत वर ठेवीन. अमेरिकेत १९४७ ते १९७९ पर्यंत फार्मॉल कब नावाचा, पोटाखाली पाती लावता येणारा सुरेख छोटा ट्रॅक्टर बनत होता. त्याचे इंजिन मुद्दाम एका बाजूला सरकवलेले असे, म्हणजे चालकाला समोरची जमीन सरळ दिसावी. हिरवळीसाठी त्याहून योग्य रचना मला तरी माहीत नाही. पण ज्याची क्लच प्लेट आपल्या गावात मिळत नाही, तो ट्रॅक्टर कार्तिकाच्या तोंडावर बंद पडला तर त्याची सुंदर रचना घेऊन काय करायचे?

यंत्र आले तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. गवत कापायच्या यंत्राला पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे हवेत, आणि या छोट्या ट्रॅक्टरच्या पीटीओला एकाहून जास्त वेग आहेत. त्यातला सर्वांत संथ वेगही पूर्ण अॅक्सिलरेटरवर ५४० च्या पुढे जातो. मिस्त्रींनी दांडीवर फेरे मोजायचे यंत्र धरून, अॅक्सिलरेटरची दांडी हळूहळू सरकवीत, ५४० वर काटा आला त्या जागी तांबड्या रंगाची रेघ ओढून दिली. त्या रेघेच्या पुढे दांडी न्यायची नाही आणि फार मागेही नाही. वेग कमी पडला की पाती गवत कापण्याऐवजी ओरबाडतात, आणि ओरबाडलेले टोक दोन दिवसांत करपते.

आता कापणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चुंबक लावलेली लांब दांडी घेऊन सगळी हिरवळ पायी फिरतो. मागच्या हंगामातल्या मांडवाचे खिळे आणि तारांचे तुकडे पावसाने वर येतात, आणि पात्याखाली आलेला खिळा गोळीसारखा सुटतो. पाटाच्या कडेचा उतार मी ट्रॅक्टरने कापत नाही. अरुंद ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवला की कलंडतो, आणि या जुन्या यंत्रांना डोक्यावर वाचवणारी कमान नसते. तेवढी पट्टी ब्रश कटरनेच होते. पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबतो. गवत फार वाढले असेल तर एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढतो आणि चार दिवसांनी पुन्हा फिरतो, कारण एकदम खाली उतरवली तर हरळी पांढरी पडते आणि त्या फटीतून लव्हाळा वर येतो.

यंदा तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी शेवटची कापणी केली. नाना काठी टेकत पट्ट्यामागून चालत होते. मध्यभागी येऊन ते थांबले, खिशातून काडेपेटी काढली, गवतात उभी ठेवली आणि वाकून पाहिले. मग मला हाताने खूण करून म्हणाले, “सूतभर उंच राहिलंय. अजून एक सूत खाली घे.” मी इंजिन बंद केले, पाती थांबेपर्यंत वाट पाहिली, खाली उतरलो, आणि यंत्राच्या चारही चाकांच्या दांड्यांवरचा एकेक वायसर खालून काढून वर घातला.